जवळचा सीपीयू म्हणजे नक्की कोणाच्या जवळचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे", "काय म्हणतात ते" वगैरे काढून टाकलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे. फाइलींची आणि कमांडची नावं मी बोलताना जशी उच्चारली तशीच देवनागरीत लिहिली आहेत.

आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष वाटेल. नेटवर्क कार्ड किंवा डिस्क सीपीयूला हाक मारते, तिला आपण इंटरप्ट म्हणतो. ज्या मशीनमध्ये एकापेक्षा जास्त नोड असतात तिथे ती हाक कुठल्या सीपीयूने ऐकायची, हा आजचा प्रश्न. "त्यात काय, कोणीही ऐकेल!" असं वाटत असेल तर थोडा वेळ थांबा. या एका गोष्टीमुळे चांगला चाललेला कोड मागे घेतला जाऊ शकतो, लाखोंचे सर्व्हर उगाच विकत घेतले जाऊ शकतात आणि भलत्याच माणसाच्या डोक्यावर खापर फुटू शकतं. हे तिन्ही होता होता राहिलेलं मी पाहिलंय. ते पुढे सांगतोच. आधी पाया पक्का करू.

८०८५ पासून आजपर्यंत

आपल्यापैकी ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांनी इंटरप्ट पहिल्यांदा पाहिला तो ८०८५ च्या लॅबमध्ये. ट्रॅप, आरएसटी ७.५, ६.५, ५.५ आणि आयएनटीआर अशा पाच पिना. व्हायवाला हमखास विचारतात, कोणाची प्रायॉरिटी सगळ्यात जास्त? पण तिथे एक प्रश्न कधीच येत नाही, तो म्हणजे "कुठला सीपीयू?" कारण सीपीयू एकच. घरात एकच माणूस असेल तर दार कोण उघडणार यावर चर्चा कशाला?

१९८४ च्या पीसी-एटीमध्ये ८२५९ नावाच्या दोन चिप एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि त्यातून १५ इंटरप्ट लाइन मिळायच्या. या लाइन म्हणजे खरोखरच्या तारा. कीबोर्डची एक, डिस्कची एक. पुढे एका मशीनमध्ये अनेक सीपीयू आले, तशी एपिक नावाची यंत्रणा आली. प्रत्येक सीपीयूला स्वतःचा लोकल एपिक मिळाला, म्हणजे स्वतःच्या नावाची घंटा.

आज पीसीआय एक्सप्रेसवरची कार्डं बहुतेक वेळा तार वापरतच नाहीत. ती एमएसआय-एक्स वापरतात. यात इंटरप्ट म्हणजे मेमरीच्या एका ठराविक पत्त्यावर केलेलं छोटंसं लिखाण असतं. पत्त्यावरून कळतं हाक कुठल्या सीपीयूला आहे आणि लिहिलेल्या आकड्यावरून कळतं ती कशासाठी आहे. थोडक्यात, तारेच्या जागी पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्डावरचा पत्ता बदलला की ते दुसऱ्याच्या घरी जातं. एका कार्डाला अशी २०४८ पर्यंत वेगवेगळी पोस्टकार्डं ठेवता येतात. म्हणून आजचं नेटवर्क कार्ड एक रांग न ठेवता अनेक रांगा ठेवतं आणि प्रत्येक रांगेचा इंटरप्ट वेगळ्या सीपीयूकडे पाठवता येतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लिनक्समध्ये नेटवर्कचा इंटरप्ट ज्या सीपीयूवर येतो, पॅकेट सोडवण्याचं पुढचं कामही साधारणपणे त्याच सीपीयूवर होतं. इंटरप्ट नुसता "आलंय रे काहीतरी" एवढंच सांगतो, पण त्यामागचं सॉफ्टआयआरक्यू त्याच कोअरवर चालतं. पॅकेट उचलणं, हेडर तपासणं, टीसीपीचा हिशेब, योग्य सॉकेटच्या रांगेत ठेवणं, हे सगळं तिथेच. म्हणजे घंटा कुठे वाजवायची हे ठरवलं की काम कुठे होणार हेही ठरून जातं.

एक मशीन, दोन इमारती

आता नोड म्हणजे काय ते बघू. पूर्वी सगळे सीपीयू एकाच वाटेने एकाच मेमरीकडे जायचे. सीपीयू वाढले तशी त्या वाटेवर गर्दी झाली. मग मेमरी वाटून दिली. २००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनने मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच आत आणला, इंटेलने २००८ मध्ये नेहालेमपासून तेच केलं. आता दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरच्या शेजारी त्याची स्वतःची मेमरी असते आणि दोघांच्या मधे एक पूल असतो. दुसऱ्याच्या मेमरीत जाता येतं, पण पूल ओलांडून. यालाच नुमा म्हणतात आणि एका प्रोसेसरला त्याच्या मेमरीसकट म्हणतात एक नोड.

२०१२ साली इंटेलच्या झिऑन ई-५ मालिकेत आणखी एक गोष्ट घडली. पीसीआय एक्सप्रेसच्या लेनसुद्धा थेट प्रोसेसरमध्ये आल्या. त्यामुळे नेटवर्क कार्डालाही घर मिळालं. तुम्ही कार्ड ज्या स्लॉटमध्ये खोचता तो स्लॉट कुठल्यातरी एका प्रोसेसरला जोडलेला असतो. तोच त्या कार्डाचा नोड.

तहसील कचेरी डोळ्यासमोर आणा. जुनी इमारत आणि नवी इमारत, मधे अंगण. टपाल येतं जुन्या इमारतीतल्या आवक-जावक टेबलावर. ते नोंदवणारा कारकून जुन्याच इमारतीत बसत असेल तर काम झटपट. तो नव्या इमारतीत बसत असेल तर प्रत्येक कागदासाठी अंगण ओलांडायचं. एका फेरीचं काही वाटत नाही. पण दिवसाला दहा हजार कागद असतील तर? आणि समजा, कारकून जुन्या इमारतीतच आहे, पण त्या कागदाची वाट बघणारे साहेब नव्या इमारतीत आहेत. मग नोंद झटपट होईल, पण फेऱ्या काही वाचणार नाहीत. हे साहेब लक्षात ठेवा, ते परत येणार आहेत.

आता आकडे बघू. १० गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात लहान, ६४ बाइटच्या फ्रेम सलग आल्या तर सेकंदाला साधारण १ कोटी ४८ लाख फ्रेम येतात. म्हणजे एका फ्रेममागे ६७ नॅनोसेकंद. आणि आजच्या सर्व्हरमध्ये स्वतःच्या नोडवरच्या मेमरीपर्यंत जायला ढोबळमानाने ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. पुलापलीकडे जायचं तर त्याच्या दीडपट किंवा जास्तही. म्हणजे जवळच्या मेमरीत एकदा जायचं तरी बजेट संपलं! हे भागतं कसं? कॅशमुळे, एकदम अनेक पॅकेट उचलल्यामुळे आणि काम अनेक कोअरवर वाटल्यामुळे.

कॅशच्या बाबतीत इंटेलची डीडीआयओ नावाची सोयही २०१२ च्या त्याच ई-५ पासून आली. कार्ड आलेला डेटा आधी मेमरीत न टाकता थेट प्रोसेसरच्या शेवटच्या पातळीच्या कॅशमध्ये टाकतं. फार उपयोगी गोष्ट, पण फायदा मिळतो तो कार्ड ज्या प्रोसेसरला जोडलंय त्याच्या कॅशमध्ये. पलीकडच्या प्रोसेसरवरच्या कोअरला तो डेटा हवा असेल तर पूल आलाच.

दिवाळीच्या तोंडावर

आता ती गोष्ट. मी आधी पुण्यात एका कंपनीत होतो. दुकानांमधल्या बिलिंग मशीनकडून येणारे छोटे छोटे मेसेज घेऊन उत्तर देणारी आमची सेवा होती. सर्व्हर आमचेच, एका डेटा सेंटरमध्ये ठेवलेले. दिवाळी तीन आठवड्यांवर होती, म्हणून तीन सर्व्हरच्या जोडीला चौथा आणला. तोच मॉडेल, तेच प्रोसेसर, तेवढीच मेमरी. त्याच आठवड्यात टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाचा पहिला मोठा रिलीज गेला. दुकानदार त्या सुधारणेची कित्येक महिने वाट बघत होते.

आणि मग रोज संध्याकाळी सात-साडेसात वाजले की दुकानातली गर्दी वाढायची आणि आमचा पी-९९ चढायचा. पी-९९ म्हणजे शंभरातली सगळ्यात हळू रिक्वेस्ट कुठे सुरू होते तो आकडा. सरासरी ठीक, शेपटी मात्र लांब. ज्या तारखेपासून हे सुरू झालं ती रिलीजचीच तारीख. मीटिंगमध्ये दोन पर्याय टेबलावर आले, रिलीज मागे घ्या किंवा आणखी दोन सर्व्हर विकत घ्या. पोरगं गप्प बसलं होतं. घटनेच्या रिपोर्टच्या मसुद्यात "संभाव्य कारण" या रकान्यात त्याच्या बदलाचा नंबर आधीच लिहिलेला होता.

आम्ही पहिलं काय केलं, तर तो एकत्र आलेख सर्व्हरनुसार वेगळा केला. तीन रेषा खाली, एक वर. ती चौथ्या सर्व्हरची. रिलीज तर चारही ठिकाणी तोच होता. म्हणजे गुन्हेगार कोडमध्ये नव्हता. पण "मग त्या मशीनमध्ये वेगळं काय?" याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं, कारण कागदावर चारही सर्व्हर सारखेच होते.

मग नोड बघितला. सिस्टीमच्या सिस-क्लास-नेट या डिरेक्टरीत कार्डाच्या नावाखाली डिव्हाइस आणि त्यात नुमा-नोड नावाची फाइल असते. तिच्यात फक्त एक आकडा. जुन्या तीन सर्व्हरवर शून्य, चौथ्यावर एक.

डेटा सेंटरमध्ये फोन लावला. तिथला टेक्निशियन अगदी सहज म्हणाला, "सर, पहिल्या राइजरमध्ये स्टोरेजचं कार्ड होतं, म्हणून नेटवर्कचं दुसऱ्यात बसवलं. दोन्ही चालतात की!" आणि त्याचं बरोबरच होतं. सर्व्हरच्या पुस्तिकेनुसार दोन्ही चालतात. फक्त पहिला राइजर पहिल्या प्रोसेसरला जोडलेला आणि दुसरा दुसऱ्याला.

आता गंमत ऐका. प्रॉक-इंटरप्ट्स उघडून पाहिलं तर कार्डाचे इंटरप्ट एक नंबरच्या नोडवरच्या सीपीयूंवरच येत होते. म्हणजे कार्डाच्या अगदी जवळ! आयआरक्यू-बॅलन्स नावाचा डेमन चालू होता आणि त्याने आपलं काम चोख केलं होतं. मग अडलं कुठे? आमच्या सेवेची स्टार्टअप स्क्रिप्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. त्यात नुमासीटीएल वापरून सेवा शून्य नंबरच्या नोडला बांधलेली होती. जेव्हा ती लिहिली तेव्हा सगळ्या सर्व्हरवर कार्ड शून्यावरच होतं, त्यामुळे तो निर्णय शहाणपणाचाच होता.

म्हणजे आमचे साहेब नव्या इमारतीत बसले होते. पॅकेट एक नंबरवर सोडवलं जायचं, तिथल्याच कॅशमध्ये आणि मेमरीत असायचं, आणि मेसेज वाचणारा थ्रेड शून्यावर. डेटा तर पूल ओलांडायचाच, पण सॉकेटचं लॉक, रांगेचे पॉइंटर, झोपलेल्या थ्रेडला उठवण्याचा निरोप, हे सगळं प्रत्येक मेसेजमागे पुलावरून ये-जा करायचं.

स्क्रू उघडण्याआधी आम्ही एक साधी परीक्षा घेतली. चौथ्या सर्व्हरवर फक्त ती ओळ बदलली. शून्याच्या जागी एक, कोअरसाठीही आणि मेमरीसाठीही. बाकी कशाला हात लावला नाही. त्या संध्याकाळी आलेखावरची चौथी रेषा बाकी तिघींमध्ये मिसळून गेली.

तो मुलगा माझ्या डेस्कपाशी आला आणि हळूच म्हणाला, "दादा, हे रिपोर्टमध्ये लिहाल ना?" लिहिलं. पहिल्याच ओळीत लिहिलं.

फक्त संध्याकाळीच का?

या गोष्टीत एक प्रश्न उरतो. पूल काय सकाळीही तेवढाच लांब. मग त्रास फक्त गर्दीच्या वेळी का?

याचं उत्तर रांगेच्या गणितात आहे. सगळ्यात साधं मॉडेल घ्या, एक खिडकी आणि कसेही येणारे गिऱ्हाईक. एका गिऱ्हाइकाचं काम १ एकक वेळाचं असेल आणि खिडकी ५० टक्के व्यस्त असेल तर रांगेसकट सरासरी २ एकक लागतात. आता प्रत्येक काम फक्त १० टक्क्यांनी लांबवा. खिडकी ५५ टक्के व्यस्त होते आणि वेळ होतो साधारण २.४४. म्हणजे २२ टक्के जास्त. कोणाच्या लक्षातही येणार नाही.

तेच ८० टक्के व्यस्त असताना करा. आधी लागायचे ५ एकक. काम १० टक्के लांबलं की व्यस्तता ८८ टक्के होते आणि वेळ होतो साधारण ९.१७. म्हणजे ८३ टक्के जास्त! ओझं तेवढंच वाढलं, पण कणा आधीच वाकलेला होता.

म्हणून अशा गोष्टी टेस्टिंगमध्ये सापडत नाहीत. रात्री दोन वाजता रिकाम्या मशीनवर सगळं छान चालतं. प्रत्येक पॅकेटमागचा तो थोडासा भुर्दंड नेमका गर्दीत अंगावर येतो आणि गर्दीत आपण सगळ्यात शेवटचा बदल कोणाचा ते शोधत सुटतो.

तुमच्या मशीनवर कसं बघायचं

घरचा लॅपटॉप असेल तर बहुधा एकच नोड दिसेल, तिथे सोडून द्या. सर्व्हर असेल तर या क्रमाने जा.

पहिलं, एलएससीपीयू चालवा. खालच्या ओळींमध्ये कुठल्या नोडवर कुठले सीपीयू आहेत ते दिसतं. अंदाज बांधू नका. काही मशीनवर सम आकड्यांचे सीपीयू एका नोडवर आणि विषम दुसऱ्यावर असतात, काहींवर पहिला सलग गट एकीकडे. "० ते १५ म्हणजे पहिला प्रोसेसर" असं डोळे मिटून धरू नका.

दुसरं, कार्डाची नुमा-नोड फाइल बघा. तिथे उणे एक दिसलं तर फर्मवेअरने कर्नलला काही सांगितलेलंच नाही किंवा मशीन एकाच नोडचं आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये बरेचदा असंच दिसतं. तिथे आतून इंटरप्ट हलवून खरं अंतर कमी होईलच असं नाही, कारण खालचं खरं घर तुम्हाला दिसतच नाही.

तिसरं, प्रॉक-इंटरप्ट्स. प्रत्येक सीपीयूचा एक रकाना आणि प्रत्येक इंटरप्टची एक ओळ. एकूण आकडा बघू नका, तो मशीन सुरू झाल्यापासूनचा असतो. वॉच लावा आणि आत्ता कुठला रकाना वाढतोय ते बघा.

चौथं, आणि हेच लोक विसरतात, तो डेटा शेवटी वापरणारा प्रोसेस कुठल्या सीपीयूवर चालतोय ते बघा. कार्ड, इंटरप्ट आणि वापरणारा, असे तीन पत्ते कागदावर एकाखाली एक लिहा. तिन्ही एका नोडवर असले की निम्मी चिंता मिटली.

बदल करायचा असेल तर प्रॉक, त्यात आयआरक्यू, त्यात इंटरप्टचा नंबर, आणि त्यात एसएमपी-अफिनिटी आणि एसएमपी-अफिनिटी-लिस्ट अशा दोन फाइल असतात. मी दुसरी वापरतो. पहिलीत हेक्साडेसिमल मास्क द्यावा लागतो. म्हणजे ४ नंबरचा सीपीयू हवा तर १० लिहायचं, आणि वाचणाऱ्याला ते दहा नंबरचा सीपीयू वाटतं. लिस्टमध्ये सरळ ४ लिहायचं. शिवाय शेजारीच इफेक्टिव्ह-अफिनिटी-लिस्ट असते. तुम्ही चार सीपीयूंची परवानगी दिलीत तरी प्रत्यक्षात इंटरप्ट कुठे जातोय ते तिथे कळतं.

दोन अडथळे येतील. एक, आयआरक्यू-बॅलन्स चालू असेल तर तो ठरावीक वेळाने, सहसा दर १० सेकंदांनी, सगळ्याचा आढावा घेतो आणि तुम्ही हाताने केलेला बदल पुसू शकतो. एकतर त्याला त्या इंटरप्टपासून दूर राहायला सांगा किंवा सगळं त्याच्यावर सोपवा. एका घरात दोन कारभारी नकोत. दुसरा अडथळा म्हणजे काही इंटरप्ट कर्नल स्वतःच्या ताब्यात ठेवतो. एनव्हीएमई डिस्कच्या रांगांचे इंटरप्ट सहसा असे असतात. तिथे लिहायला गेलात तर इनपुट-आउटपुट एररच येते. तुमचं काही बिघडलेलं नाही, तिथे तुम्ही हात घालणं अपेक्षितच नाही.

डिस्क आणि नेटवर्क यांतला फरक

ते अपेक्षित का नाही, हे समजलं की सगळा विषयच उलगडतो.

डिस्कचं काम आपणच सुरू करतो. अमुक कोअरवरच्या प्रोसेसने वाचायला मागितलं, म्हणजे उत्तराची वाट कोण बघतोय हे आधीच माहीत आहे. म्हणून एनव्हीएमईमध्ये जमेल तिथे प्रत्येक सीपीयूला स्वतःची रांग देतात आणि काम झाल्याचा इंटरप्ट मागणाऱ्याकडेच किंवा त्याच्या शेजारी परत येतो. इथे जवळ म्हणजे मागणाऱ्याच्या जवळ.

नेटवर्कचं पॅकेट बाहेरून येतं. ते कोणाचं आहे हे दारातच कळत नाही. म्हणून कार्ड पत्ते आणि पोर्ट यांवरून एक हॅश काढतं आणि त्यानुसार रांग निवडतं. याला आरएसएस म्हणतात. वाटप समान होतं, पण त्या हॅशला वापरणारा प्रोसेस कुठे बसलाय याची काहीच कल्पना नसते. ही दरी भरायला २०१० मध्ये लिनक्सच्या २.६.३५ मध्ये गूगलच्या टॉम हर्बर्ट यांनी लिहिलेले आरपीएस आणि आरएफएस आले. आरएफएस बघतो की ही जोडणी शेवटची कुठल्या सीपीयूवर वाचली गेली आणि पुढचं काम तिकडे वळवतो. काही कार्डं तर हे काम स्वतःच करतात, वापरणाऱ्याच्या जवळची रांगच निवडतात.

म्हणजे "इंटरप्ट जवळच्या सीपीयूवर पाठवा" हा सल्ला अर्धाच आहे. जवळच्या म्हणजे कोणाच्या? कार्डाच्या, मेमरीच्या की वाट बघणाऱ्याच्या? आमच्या चौथ्या सर्व्हरवर इंटरप्ट कार्डाच्या जवळच होता, तरी गाडी अडलीच.

आणि जवळ हेच नेहमी बरोबर असंही नाही. कार्डाच्या नोडवरचे सगळे कोअर आधीच घाम गाळत असतील तर जवळच्या दमलेल्यापेक्षा लांबचा मोकळा बरा. आठ रांगांचे इंटरप्ट एकाच जवळच्या कोअरवर कोंबलेत तर नोड बरोबर असूनही तो कोअर गुदमरेल. आणि एकच सॉकेट आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. २०१७ च्या पहिल्या पिढीच्या एएमडी एपिकमध्ये एकाच सॉकेटमध्ये चार तुकडे होते, प्रत्येकाची मेमरी आणि पीसीआय लेन वेगळ्या, म्हणजे एका सॉकेटमध्ये चार नोड. २०१९ च्या दुसऱ्या पिढीत आय-ओसाठी मधे एक वेगळा तुकडा आला आणि किती नोड दाखवायचे हे बायोसमधल्या सेटिंगवर आलं. सेटिंग बदललं की नकाशा बदलला.

म्हणून आम्ही शेवटी कार्ड हलवलं नाही. स्क्रिप्टमधला तो पक्का लिहिलेला आकडा काढला. आता सेवा सुरू होताना स्क्रिप्ट आधी कार्डाची नुमा-नोड फाइल वाचते आणि सेवा त्या नोडला बांधते. उणे एक आलं तर बांधतच नाही, फक्त लॉगमध्ये एक ठळक ओळ टाकते. उद्या कोणी कुठल्याही राइजरमध्ये कार्ड खोचो. दोन सर्व्हरची ऑर्डर गेली नाही आणि दिवाळीत रिलीज चालू राहिला.

तर मंडळी, आजच्या भागातून एवढंच घेऊन जा. दोन मशीनचा स्पेक एकसारखा असला म्हणजे दोन मशीन एकसारख्या नसतात. कुठली वस्तू कुठे जोडली आहे हेसुद्धा स्पेकच असतं, फक्त ते बिलावर छापलेलं नसतं. आणि एखादी सेवा गर्दीत हळू झाली तर शेवटचा कमिट कोणाचा हे विचारण्याआधी तीन फाइली उघडा. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढ्यात एखाद्याची दिवाळी वाचू शकते.

पुढच्या भागात याच धाग्याने पुढे जाऊ. इंटरप्टच बंद करून कार्डाला सतत "आलं का काही?" असं विचारत बसणं कधी फायद्याचं ठरतं, ते बघू. तोपर्यंत आपापल्या सर्व्हरचे तीन पत्ते लिहून ठेवा. भेटू लवकरच.